छोटी इलेक्ट्रिक घ्यावी की मोठी? आधी रोजचं रनिंग बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडी, येऊन जाऊन रोजचे 40 किलोमीटर, घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, वर्षातून तीनचार वेळा गावी इस्लामपूरला जाणं. तुमच्या मनात टाटाची टियागो ईव्ही किंवा पंच ईव्ही आहे आणि मिस्टर आणि दीर म्हणतायत की इलेक्ट्रिकच घेतोय तर एकदाच 75 युनिटच्या बॅटरीची मोठी एसयूव्ही घेऊन टाकू, रेंजची कटकट नको आणि चालवायला तर दोन्ही स्वस्तच.

माझं पुण्यातच गॅरेज आहे, चोवीस वर्षं हेच काम करतोय, गेली सहा वर्षं हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेऊन जास्त करून इलेक्ट्रिक गाड्याच बघतो. आणि घरच्या लोकांचं ते शेवटचं वाक्य, "चालवायला दोन्ही स्वस्तच", तिथेच खरी गोम आहे असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पेट्रोलच्या काळात मोठी गाडी घेताना माणूस आपोआप थबकायचा कारण दर आठवड्याला पंपावर खिशाला कळायचं. शोरूममध्ये शिरल्यावर पहिला प्रश्न काय, तर कितना देती है. इलेक्ट्रिकमध्ये तो लगामच सुटला. हिशोब करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या गाड्या पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एका युनिटला साधारण 8 किलोमीटर देतात, मोठ्या एसयूव्ही साडेपाच ते सहा. (छोट्या गाडीची बॅटरी 24 ची, मोठीची 75 ची म्हणतो ती हीच युनिटं, लाइट बिलावर असतात तीच.) तुमचं महिन्याचं हजार किलोमीटर धरलं तर छोटीला सव्वाशे युनिट आणि मोठीला पावणेदोनशे एकशेऐंशी. फरक पन्नास पंचावन्न युनिटांचा, दहा रुपये युनिट धरलं तरी साडेपाचशे रुपये. म्हणजे तुमचे दीर खोटं बोलत नाहीयेत, लाइट बिलात खरंच फार फरक पडत नाही.

पण पैसे तिथे जातच नाहीत ना, पैसे जातात घेतानाच. एक गाडी 11 लाखाच्या आसपास आणि दुसरी 25 च्या, तर वरच्या 14 लाखांचं सात वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी काढा, हप्ता येतो साडेबावीस हजार रुपये. दर महिन्याला, सात वर्षं. पेट्रोलमध्ये मोठ्या गाडीचा खर्च थोडाथोडा रोज दिसायचा, इथे तो हप्त्यात जाऊन बसतो आणि चालवताना मात्र गाडी स्वस्त वाटत राहते, त्यामुळे फसायला होतं.

दुसरी गोष्ट लोक बॅटरीला पेट्रोलची टाकी समजतात. टाकी मोठी असली तर काय बिघडलं, पत्रा थोडा जास्त, अर्धीच भरली तर वजनही अर्धंच. बॅटरीचं तसं नाही. ती रिकामी असो की फुल्ल, वजन तेवढंच, आणि पैसे पूर्ण बॅटरीचे मोजलेले. आपल्याकडच्या 24 च्या पॅकचं वजन दीडदोनशे किलोच्या घरात असतं आणि 75 च्या पॅकचं साधारण पाचशेच्या घरात. मग एवढं वजन उचलायला खालचा सांगाडा मजबूत लागतो, ब्रेक मोठे लागतात, टायर रुंद लागतात, त्यांचं वजन वाढतं, मग तेवढीच रेंज द्यायला बॅटरी अजून थोडी मोठी लागते. हे चक्र असंच फिरतं आणि गाडी दोन टनांवर जाते. तुम्ही एकट्या ऑफिसला जाताना चांदणी चौकापासून ते हिंजवडीच्या सर्कलपर्यंत हे सगळं रोज ओढत न्यायचं, आणि त्यातली जवळपास नव्वद टक्के बॅटरी त्या दिवशी वापरलेलीच नसते.

घाटाचं उदाहरण घ्या, समजा 300 मीटरची चढण आहे. छोटी गाडी माणसांसकट साडेचौदाशे किलो धरली तर नुसती उंची गाठायला साधारण 1.2 युनिट लागतात, मोठी 2700 किलो धरली तर 2.2. उतरताना रिजनमध्ये, म्हणजे मोटरच उलटी वीज बनवून बॅटरीत टाकते त्यात, थोडं परत मिळतं पण सगळं नाही मिळत, दोन्ही बाजूंना वाटेत काही ना काही गळतं. शहरात सिग्नलला थांबणं आणि परत निघणं हे पण दिवसभर छोट्या छोट्या घाटांसारखंच असतं. हायवेला वजनापेक्षा गाडीचं तोंड किती मोठं आहे आणि स्पीड किती ठेवता याला जास्त महत्त्व येतं, आणि उंच रुंद गाडी तिथेही जास्तच खाते.

आता एक प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि तो रास्त आहे, की छोटी बॅटरी जास्त वेळा चार्ज करावी लागते तर ती लवकर खराब नाही का होणार. तुमच्या रनिंगचं बघू. वर्षाला 12 हजार किलोमीटर, फुल्ल चार्जला खरी रेंज 190 धरली, तर वर्षाला 63 पूर्ण सायकल (रिकामी ते फुल्ल एकदा भरली की एक सायकल), आठ वर्षांत पाचशे. आपल्याकडच्या टाटाच्या गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात, ते नीट वापरले तर हजारांनी सायकल सहन करतात, आणि टियागो ईव्हीच्या बॅटरीला कंपनीची वॉरंटीच 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची आहे. म्हणजे तुम्ही सायकलमुळे ती बॅटरी संपवणारच नाही. बॅटरी नुसत्या वापराने म्हातारी होत नाही, नुसत्या काळानेही होते, उन्हात उभी राहूनही होते. मोठ्या बॅटरीतली जी पन्नास युनिटं तुम्ही एरवी वापरतच नाही, ती पण तेवढ्याच वर्षांनी म्हातारी होतात. वापरून जुनी झाली तर निदान किलोमीटर तरी मिळाले. माझ्याकडे सहकारनगरचे एक काका एमजीची कॉमेट ही छोटी इलेक्ट्रिक घेऊन येतात, 17.3 ची बॅटरी, रोज भाजी, बँक, नातीची शाळा, दर रविवारी आणि बुधवारी रात्री घरच्या सॉकेटला लावतात, त्यांना रेंज हा विषयच सुचत नाही.

घरच्या चार्जिंगकडे मात्र नीट लक्ष द्या कारण तिथे छोट्या गाडीचा फायदा सगळ्यात जास्त आहे आणि शोरूमवाले तो सांगत नाहीत. घरचं साधं 15-16 अँपिअरचं सॉकेट म्हणजे 3.3 किलोवॅट. रात्री आठ तास लावलं की 26 युनिटच्या आसपास जातात. छोटी गाडी सकाळी फुल्ल. 75 वाली एक तृतीयांश. पूर्ण भरायला तिला तेवीस चोवीस तास लागतील. मग तुम्ही 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावायला जाणार, त्यासाठी महावितरणकडे मंजूर भार वाढवा, मीटररूमपासून पार्किंगपर्यंत जाड केबल ओढा, सोसायटीची एनओसी आणा. होतं हे सगळं, मी बऱ्याच जणांचं होताना बघितलंय, पण जुन्या सोसायटीत कमिटीची मीटिंग लागेपर्यंत दोन महिने जातात. छोटीला एक अर्थिंग नीट असलेलं सॉकेट आणि स्वतःच्या मीटरवरून आलेली लाइन पुरते. एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्ज करू नका हे मात्र हात जोडून सांगतो, वितळलेले प्लग मी हातात घेतलेत.

पार्किंगवरून आठवलं. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या कस्टमरने मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. घरी आणली, पूजा झाली, नारळ फोडला आणि वॉचमन म्हणाला साहेब ही वर चढवू नका. त्यांच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या, त्या लोखंडी प्लॅटफॉर्मच्या खांबाला गंजलेली छोटी पाटी, कमाल वजन 2000 किलो. गाडी त्याच्या वर. खालचा कप्पा मिळवायचा तर शेजाऱ्याशी अदलाबदल करावी लागणार, शेजारी तयार नाही. चार महिने ती गाडी बाहेर रस्त्यावर उभी राहिली आणि चार्जिंगचं सॉकेट आत. एवढी महागडी गाडी, घरी चार्ज करायची सोय असून तो माणूस आठवड्यातून दोनदा पब्लिक चार्जरवर जाऊन बसायचा, तिथे युनिटला घरच्या दुप्पट रेट. शेवटी त्याने भाड्याने दुसरं पार्किंग घेतलं. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटलं कारण आधी विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. कोथरूडमध्ये रिडेव्हलपमेंट झालेल्या खूप बिल्डिंगमध्ये स्टॅक पार्किंग आहे, तुमचं कुठलं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये.

टायर. हे फार थोडक्यात. गाडी जड, आणि इलेक्ट्रिकचा टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर पहिल्या क्षणाला पूर्ण मिळतो, त्यामुळे टायर लवकर जातात. परवाच एक मोठी गाडी आली, 24 हजार किलोमीटर झालेले, पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत, बोट फिरवलं तर तार लागत होती, बाहेरून बघितलं तर टायर चांगला दिसत होता. 19 इंचाच्या एका टायरच्या पैशात टियागोच्या 14 इंचाच्या टायरचा जवळपास पूर्ण सेट येतो. आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत आता स्टेपनीच देत नाहीत, पंक्चर किट देतात, साइडवॉल फाटली तर हायवेला तो साइझ मिळेपर्यंत थांबा. छोट्या साइझचा टायर कराडला पण मिळतो आणि पेठ नाक्याला पण.

आता इस्लामपूर, कारण सगळं मोठ्या बॅटरीचं प्रकरण त्या तीनचार ट्रिपांवरून सुरू झालंय. कोथरूडहून साधारण 185-190 किलोमीटर. टियागोच्या 24 च्या पॅकला हायवेला 80-85 च्या स्पीडने, एसी लावून, पाच माणसं घेऊन मी 160-170 च धरतो, कंपनी काहीही म्हणो. म्हणजे एकदा थांबावं लागणारच. सकाळी फुल्ल करून निघायचं, खंबाटकी चढून साताऱ्याला 110 किलोमीटरवर पोचायचं, 30-35 टक्के उरलेले असतात, तिथे चहा नाश्ता चाळीस पंचेचाळीस मिनिटं, 80 टक्क्यांवर आली की निघायचं, पुढे 80 किलोमीटर आरामात. दोन मुलं आणि सासूबाई बरोबर असताना तुम्ही साताऱ्याला थांबल्याशिवाय जाता का? पेट्रोल गाडीतही कोणी जात नाही. गावी पोचल्यावर साधं 15 अँपिअरचं सॉकेट बघून ठेवा, रात्रभर लावा.

मोठी गाडी न थांबता जाईल हे खरं, आणि हायवेवरचा डीसी म्हणजे फास्ट चार्जर ताकदवान मिळाला तर ती चार्जही फार वेगाने होते. पण आपल्या रस्त्याला खूप ठिकाणी अजून 30 किलोवॅटचे किंवा दोन गाड्यांत वाटले जाणारे 60 चे चार्जर आहेत, तिथे 75 ची बॅटरी 20 ते 80 टक्के करायची म्हणजे 45 युनिटं, दीड तास. दिवाळीच्या गर्दीत मागे चार गाड्या उभ्या असताना हा दीड तास सगळ्यांनाच जड जातो. छोटीला त्याच 20 ते 80 ला पंधराएक युनिटं पुरतात.

वर्षातल्या आठ दिवसांचे हे पाऊणपाऊण तास वाचवायला 14 लाख, असा हा सौदा आहे. त्यापेक्षा कधी लांब कोकणात किंवा हैदराबादला जायचं असेल तेव्हा मोठी गाडी भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट, चारपाच दिवसांसाठी. मी स्वतः हेच करतो, माझ्या घरी टियागो ईव्ही आहे, मिसेस चालवते, तीन वर्षं झाली.

सेफ्टीवर मिस्टर नक्की बोलतील आणि त्यावर मी गोड गोड बोलणार नाही. जड गाडी आणि हलकी गाडी समोरासमोर धडकली तर जड गाडीतल्या माणसांना कमी लागतं, हे फिजिक्स आहे. म्हणून छोटी घेतली तरी क्रॅश टेस्टचं रेटिंग बघूनच घ्या. पंच ईव्हीला 2024 मध्ये भारत एनकॅपचे पाच स्टार मिळालेत, तिच्यात तुम्हाला हा मुद्दा बऱ्यापैकी सुटतो. पण याची दुसरी बाजूही बघाच. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या आकड्यांत देशात अपघातात 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली, त्यातली 44 टक्क्यांवर टू-व्हीलरवाली आणि जवळपास 20 टक्के पायी चालणारी. आपल्या मुलांना आपण गाडीत बेल्ट लावून बसवतो, पण पुढे चारपाच वर्षांनी तीच मुलं कर्वे रस्त्याला स्कूटीवर असणार आहेत, समोरून दोन टनी गाड्या येत असणार आहेत. मला हे फार लागतं, कारण ठोकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि बंपरवर कशाचा रंग लागलाय ते मला दिसतं.

सरकारचं म्हणाल तर आपल्याकडे इलेक्ट्रिकमध्ये छोटीला वेगळी सवलत नाहीये. पेट्रोलमध्ये सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला जीएसटी 18 टक्के आणि मोठीला 40, इलेक्ट्रिकला मात्र छोटी असो मोठी असो सरसकट 5. बाहेर आता वजनाकडे बघायला लागलेत. नॉर्वेत 2023 पासून इलेक्ट्रिक गाडीवरही वजनाप्रमाणे कर आहे. पॅरिसमध्ये 2024 पासून बाहेरून येणाऱ्या दोन टनांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला पार्किंग तिप्पट महाग आहे. जपानमध्ये 3.4 मीटरच्या आतल्या केई गाड्यांना कधीपासून सवलती आहेत, तिथे निसानची साकुरा आली 2022 ला, नुसती 20 ची बॅटरी, आणि त्या वर्षीची तिथली कार ऑफ द इयर तीच ठरली. आपल्याकडे तर याची सुरुवात फार आधी झालेली, बंगलोरची रेवा 2001 ला बाजारात आली, आठ लेड अॅसिड बॅटऱ्या आणि 80 किलोमीटरची रेंज. पुण्यात एक रेवा माझ्या उस्तादांकडे यायची, तिच्याखाली झोपून पाण्याची लेव्हल बघत मी इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा शिकलो. त्या गाडीचे मालक डॉक्टर होते, रोजचे तीस किलोमीटर, आणि त्यांना कधी 80 च्या वर लागलं नाही.

आता कुठे माझं म्हणणं लागू पडत नाही तेही सांगतो. रोजचं रनिंग दीडशेच्या वर असेल, पुणे मुंबई सतत असेल, टॅक्सीला लावायची असेल, तर मोठी बॅटरी घ्या, ती रोज कामाला येईल. घरात पाच मोठी माणसं असतील आणि सगळी कायम एकत्र फिरत असतील तर छोट्यात कोंबून बसू नका. गाव कोकणात आतल्या बाजूला असेल, जिथे वाटेत चार्जर कमी आहेत, तर 40-45 च्या बॅटरीची मधली गाडी बरी. आणि घरी किंवा ऑफिसला चार्जिंगच नसेल तर कुठलीच इलेक्ट्रिक सध्या नको, छोटी पण नको. गाव इस्लामपूरच्या ऐवजी नांदेड असतं तरी मी हे उत्तर असं लिहिलं नसतं.

तुमच्या बाबतीत टियागो आणि पंच यात मी पंचकडे झुकेन, रेंजमुळे कमी आणि दुसऱ्या दोन कारणांनी जास्त. टियागो ईव्हीची डिकी 240 लिटरची, पंच ईव्हीची 366, आणि गावाहून येताना तांदळाचं पोतं, गुळाची ढेप, भाजी हे येणारच, पाच माणसांत ते मांडीवर घ्यायची वेळ येते. पॅक तिचा 2024 ला आली तेव्हा 25 आणि 35 असे दोन होते, तुमच्या वापराला छोटा पॅकही चालतो, मोठा घेतला तर इस्लामपूर जेमतेम न थांबता होईल पण मी तसा ताण घेऊन चालवा म्हणणार नाही.

आणि दुसरं कारण सासूबाई. तुम्ही लिहिलंय गुडघ्यांचा त्रास आहे. टियागोची सीट खाली आहे, आत उतरल्यासारखं बसावं लागतं आणि उठताना दाराला धरून वर यावं लागतं, पंचमध्ये खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसता येतं. हे कागदावर कळत नाही. आज संध्याकाळी खाली जाऊन पार्किंगच्या पाटीचा आणि लाइट बिलावरच्या मंजूर भाराचा फोटो काढून इथे टाका, मी बघून सांगतो, आणि शनिवारी टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना बरोबर न्या. त्यांना पुढे पण बसवा आणि मागे पण बसवा, दोन्ही गाड्यांत तीनचार वेळा चढू उतरू द्या, सेल्समन घाई करेल, करू दे.